भाऊंच्या छातीएवढं पाणी

माझ्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द म्हणजे ‘कशाच्या?’ लोक सांगायचे, पाणी दुप्पट कमी झालं. मी विचारायची, कशाच्या दुप्पट? पूर्वीच्या, लोक म्हणायचे. पूर्वी म्हणजे कधी, आणि जे कमी झालं ते दुप्पट कसं, हे विचारेपर्यंत समोरच्याचा चेहरा आंबट झालेला असायचा. वसईतल्या निम्म्या वाड्यांमध्ये मला ‘पाणीवाली बाई’ म्हणत आणि उरलेल्या निम्म्यांमध्ये ‘कशाच्याबाई’. दोन्ही नावं मी मिरवली.

पण एका ठिकाणी मी हा प्रश्न अकरा वर्षं विचारला नाही. त्यामुळे एक माणूस जाता जाता राहिला. दिवाळीच्या अंकात लोक आनंदाचं वाचायला मागतात हे मला ठाऊक आहे, तरी मला लिहायचंय ते हेच. इतर काही गमती आधी सांगते, म्हणजे हा धंदा काय असतो ते कळेल.

मी सरकारसाठी विहिरी मोजायची. गावोगावच्या काही विहिरी खात्याने निवडून ठेवलेल्या असतात, त्यांना निरीक्षण विहिरी म्हणतात. वर्षातून चार वेळा तिथे जायचं, काठावर रंगाची एक खूण केलेली असते तिथे टेप धरायचा आणि खाली सोडायचा. टेपच्या टोकाला आतून पोकळ असं एक पितळी वजन असतं. ते पाण्याला टेकलं की ‘टप्’ असा आवाज येतो. तो आवाज आला की आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि पुढच्या विहिरीकडे जायचं. बस्स. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी काहीतरी लपवतेय, एवढ्याशा कामाला कोण पगार देईल! आमचं घर खाडीकाठच्या शेतकऱ्यांचं, घरात सगळे ‘पानी’ म्हणायचे. खात्यात लागल्यावर मी ‘पाणी’ म्हणायला लागले, तेव्हा आईची खात्रीच पटली.

आता यातली पहिली गोम. आम्ही मोजतो ते काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर. म्हणजे आकडा वाढला की पाणी घटलं. एकदा एका गावच्या सभेत मी वाचून दाखवलं, गेल्या मेमध्ये पाच मीटर, या मेमध्ये सात. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. ‘दोन मीटरनी वाढ,’ असं म्हणून त्यांनी माझं अभिनंदन केलं. मी खरं काय ते सांगितलं. त्यानंतर त्या गावात मला चहा मिळाला नाही.

दुसरी गोम पटीची. चंदनसारच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मला म्हणाले, “मॅडम, बोअरचं पाणी तीनपट कमी झालंय.” मी म्हटलं, म्हणजे काय झालं ते सांगा. “आधी टाकी एका तासात भरायची, आता तीन तास लागतात.” म्हणजे पाणी एक तृतीयांश राहिलं. “तेच तर सांगतोय, तीनपट कमी.” महिन्याने त्याच सोसायटीचे खजिनदार भेटले. ते म्हणाले, पाणी दोनपट कमी झालंय. मला वाटलं सुधारलं. कुठलं काय! तीन भागांतले दोन गेले, म्हणून दोनपट. पाइप तोच, पाणी तेवढंच, आणि दोघेही आपापल्या जागी ठाम.

टक्क्यांचं तर बोलायलाच नको. एका वाडीवाल्याचं पाणी मार्चमध्ये पन्नास टक्क्यांनी कमी झालं आणि जुलैमध्ये पन्नास टक्क्यांनी वाढलं. म्हणजे होतं तेवढं झालं, असं तो म्हणाला. मी त्याला तांब्यांवर हिशेब करून दाखवला. शंभर तांबे होते, निम्मे गेले, पन्नास उरले. आता पन्नासाचे निम्मे वाढले, म्हणजे पंचाहत्तर. तो म्हणाला, “मग मधले पंचवीस तांबे कोण प्यायला?” मी हसले. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

सगळेच लोक ढिसाळ असतात असं मात्र नाही. अर्नाळ्याला मासळी सुकवणाऱ्या एका बाईने मला सांगितलं होतं, “ही इहीर त्या इहिरीच्या दुप्पट खारी.” मी नेहमीप्रमाणे विचारलं, कशावरून? ती म्हणाली, त्या पाण्यात डाळ शिजेपर्यंत माझी मासळीची एक ओळ सुकत घालून होते, ह्या पाण्यात दोन होतात. मी दोन्ही पाण्यांच्या बाटल्या तपासायला पाठवल्या. उत्तर तिच्या डाळीच्या फार लांब नव्हतं. तेव्हापासून मी मानत आले की ज्याला स्वतःचं माप आहे त्याच्याशी वाद घालू नये, त्याचं माप समजून घ्यावं. मानत आले, पण राजोडीला तसं वागले नाही.

राजोडीच्या अलीकडे एक वाडी आहे. केळी, पानवेली, थोडा चाफा. समुद्र दिसत नाही पण सतत ऐकू येतो. तिथे सगुणामावशी राहायच्या. त्यांच्या घरासमोरच्या अंगणातली विहीर माझ्या यादीत आली तेव्हा त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी त्या वर्षी पावसाआधी विहिरीतला गाळ काढला, वर आले, ओट्यावर बसले, प्यायला पाणी मागितलं आणि तांब्या हातात घेण्याआधीच गेले. मुलगा विलास नोकरीला होता. त्याने आईला त्रास नको म्हणून त्याच महिन्यात विहिरीवर विजेचा पंप बसवून दिला. या दोन गोष्टी आणि माझी पहिली नोंद, तिन्ही एकाच मे महिन्यातल्या.

त्या घराची एक रीत होती. जुने लोक पाण्याची खोली ‘पुरुषा’त मोजतात. माणसाने उभं राहून हात वर करायचा, टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत जेवढं भरेल तो एक पुरुष. या घरात पुरुष म्हणजे कुठलाही माणूस नव्हे, घरचा कर्ता. त्याने दर वर्षी विहिरीत उतरायचं, गाळ काढायचा आणि तळाशी उभं राहून हात वर करायचा. कर्ता बदलला की नव्या कर्त्याच्या मापाने नवा बांबू कापायचा. बांबूला गुडघा, कंबर, छाती, हनुवटी अशा खाचा, आणि टोकाला, बोटांच्या जागी, त्याच्या धोतराची चिंधी. पायाशी दगड बांधून बांबू दोरीने विहिरीत सोडायचा. तळाला टेकून तो उभा राहतो, आणि पाणी कुठवर आलंय ते खाचेवरून कळतं.

भाऊंनंतर विलासने उतरायला हवं होतं. तो म्हणाला, पुढच्या वर्षी. मग चंदनसारला फ्लॅट घेतला, मग पुढच्या वर्षी. असं करत अकरा वर्षं भाऊंचाच बांबू चालू राहिला.

मी टेप काढला की मावशी पडवीतून बांबू काढायच्या. मी वरून खाली मोजायची, त्या खालून वर मोजायच्या. पहिल्या मेमध्ये माझा आकडा आला पाच मीटर पाच सेंटिमीटर. मावशींनी बांबू वर ओढला, ओला भाग बघितला आणि म्हणाल्या, “पानी ह्यांच्या छातीला.”

दुसऱ्या मेमध्ये माझा आकडा वाढला. पाणी वीतभर खाली गेलं होतं. मावशी म्हणाल्या, “छातीला.”

तिसऱ्या मेमध्ये आणखी खाली. “छातीला.”

“मावशी, असं कसं? पाणी खाली चाललंय.”

“तुझं जात असंल, बाय. ह्यांचं छातीलाच हाय.”

मला वाटलं, म्हातारीला दिसत नाही. मग एकदा मी स्वतः ओली खूण बघितली. नेमकी छातीच्या खाचेला. मग वाटलं, बांबू तिरका टेकत असेल. वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘मालकिणीचे माप अंदाजे’. हे वाक्य माझ्या हस्ताक्षरात अजून कुठल्यातरी कपाटात असेल.

आणखी एक रकाना होता, ‘विहिरीची एकूण खोली’. विहीर काही वाढत्या अंगाची नसते. एकदा मोजली की मोजली. त्यामुळे आम्ही सगळेच तो रकाना दर वर्षी मागच्या पानावरून उतरवायचो. पहिल्या वर्षी भाऊंच्या मापाने तीन पुरुष खोली निघाली होती, बांबूची लांबी दोन मीटर दहा, म्हणजे सहा मीटर तीस. त्यानंतर त्या रकान्यात मी लिहीत गेले, ‘वरीलप्रमाणे’. दहा वेळा.

खरं तर मला कळायला हवं होतं. एक म्हणजे गाळ. ज्या विहिरीतून भाऊ दर वर्षी पंधरा-वीस घमेली गाळ काढायचे, तिथे ते गेल्यावर कुणीच उतरलं नव्हतं, तरी बांबूचा पाय स्वच्छ वर यायचा. एकदा मी सहज विचारलं, “मावशी, गाळ कोण काढतं?”

“तेच काढतात,” त्या म्हणाल्या. भाजी निवडता निवडता, अगदी सहज.

दुसरं म्हणजे वाळू. पंपाच्या पाण्याबरोबर बारीक पांढरी वाळू यायची. मावशी ती टाकीतून काढून अंगणात पसरायच्या. “वर पाठवतात ती वाया का घालवायची?” अंगण दर वर्षी वर येत होतं. ओट्याला पहिल्या वर्षी तीन पायऱ्या होत्या. नंतर कधीतरी मी दोनच चढले आणि मला वाटलं, माझीच आठवण चुकली.

तिसरी गोष्ट आवाजाची. मी सगळी हयात त्या ‘टप्’वर काढली आहे, मला तो झोपेतही ओळखू येईल. सहाव्या-सातव्या वर्षापासून त्या विहिरीत तो दोनदा यायला लागला. टप्. आणि मग एका श्वासाच्या अंतराने, थोडा दबका, बाजूने आल्यासारखा, टप्. मी टेप वर घेऊन पुन्हा सोडला. पुन्हा दोनदा. पाण्यावर तर एकच वजन टेकत होतं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मोजतात तेपन.”

भर दुपार, डोक्यावर ऊन, पलीकडे शनिवारी समुद्रावर आलेल्या पोरांची गाणी ऐकू येतायत, आणि माझ्या अंगावर काटा. मी आकडा लिहिला, ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं आणि निघाले. भीती वाटली की मी काम लवकर उरकते. हा माझा दोष आहे आणि तो इथे मान्य करते.

माझ्या नोकरीचा शेवटचा मे आला. त्या वर्षी खात्याने वह्या बंद करून मोबाइलवर नोंदी घ्यायला लावल्या. त्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहायची सोय नव्हती. खोलीचा आकडा नव्याने मोजून टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं. मी त्या यंत्राला दिवसभर शिव्या देत फिरत होते.

वाडीत पोचले तेव्हा विलास कमरेला दोर बांधत होता. चाळिशी ओलांडलेला, आईसारखाच सावळा, उंच माणूस. आईने आता एकटीने वाडीत राहू नये, चंदनसारला यावं, म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. मावशींनी एकच अट घातली होती. एकदा विहिरीत उतर, तळाला उभा राहा, तुझा बांबू कापू, मग भाऊंचा बांबू मोकळा होईल आणि मी येईन.

“मॅडम, दहा मिनिटं थांबा,” विलास म्हणाला. “एकदा उतरतो, फोटो काढतो, विषय खतम.”

मावशींनी भाऊंचा बांबू आधीच सोडला होता. मी काठावरून वाकून बघितलं. बारा वाजले होते, ऊन सरळ पाण्यावर पडलं होतं. बांबू पाण्यात उभा होता. छातीपर्यंत बुडालेला, वरचा भाग बाहेर, टोकाला चिंधी. हात वर करून कुणी उभं राहावं तसा.

मी टेप सोडला. टप्. टप्. सात मीटर पंधरा. मग खोलीसाठी जड वजन लावून तळापर्यंत सोडला. आकडा आला आठ मीटर चाळीस.

मला वाटलं टेप कुठेतरी वळलाय. वर घेतला, पुसला, पुन्हा सोडला. आठ चाळीस. तिसऱ्यांदा, विहिरीच्या दुसऱ्या बाजूने. आठ चाळीस. जिथे मी अकरा वर्षं सहा तीस लिहीत होते तिथे.

तेवढ्यात विलास कड्यांवरून उतरायला लागला होता. विहिरीच्या भिंतीत लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या. पहिल्या वर्षी शेवटची कडी मे महिन्यात पाण्याला टेकलेली मी बघितली होती. दोराचं दुसरं टोक चाफ्याच्या झाडाला बांधलेलं होतं, आणि तो चाफा माझ्या मनगटाहून फार जाड नव्हता.

“विलास, थांब,” मी ओरडले. “खोलीचा आकडा चुकतोय.”

“मॅडम, तुमचं मीटर-बिटर नंतर बघू,” खालून आवाज आला. “पाणी बाबांच्या छातीएवढंच आहे, आणि मी बाबांपेक्षा उंच आहे. मला तर पोटाला येईल.”

त्याचं बोलणं ऐकायला किती बरोबर होतं! पाणी छातीएवढं, नेहमी असतं तेवढंच, म्हणजे विहीरही नेहमीची. अकरा वर्षं हीच तुलना मी ‘अंदाजे’ म्हणून सोडून दिली होती. छाती कुठे उभी आहे, हे ना त्याने विचारलं होतं ना मी.

“कड्या संपल्या,” तो म्हणाला. “पाणी बरंच खाली आहे यार. आई, उडी मारू?”

“मार,” मावशी काठावरून म्हणाल्या. “छातीएवढंच पानी हाय. मार उडी.”

मी मावशींचा दंड धरला. सात पंधरा, आठ चाळीस, हे आकडे त्यांना सांगून उपयोग नव्हता, आणि माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मग ओल्या टेपची घडी घालता घालता माझ्या मनात आठ चाळीसाला बांबूच्या दोन दहाने भाग गेला. तो निःशेष गेला. तसा जायला नको होता.

“मावशी, ऐका. भाऊ शेवटचे उतरले तेव्हा विहीर किती पुरुष होती?”

“तीन.”

“आता चार आहे.”

मावशींनी विहिरीत बघितलं, त्या वर केलेल्या हाताकडे. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. भीती नव्हती त्यात. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी निरोप आणून द्यावा तसा झाला होता तो.

“एक पूर्ण पुरुष?” त्यांनी विचारलं.

“एक पूर्ण.”

“म्हंजे ते तेवढे खाली गेले.” आणि मग आयुष्यात कधी चढवला नसेल असा आवाज चढवून त्यांनी हाक मारली, “विलास! वर ये! खालची जागा भरलेली हाय. तू वर ये!”

आईचा तो आवाज ऐकून तो थबकला. पण मोबाइलचा टॉर्च हातात होता, तो त्याने खाली मारला.

“मॅडम,” तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. “इथे भिंत संपते.”

“म्हणजे?”

“दगड संपतात. माझ्या पायाखाली, छातीभर अंतरावर. त्याच्या खाली काही नाही. बाजूला पण काही नाही. आत... आत खोली असल्यासारखं आहे.”

तो वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते, मे महिन्याच्या उन्हात. मावशींनी त्याला ओट्यावर बसवलं, भाऊ बसले होते तिथेच, आणि तांब्यातलं पाणी स्वतःच्या हाताने पाजलं. तांब्या रिकामा होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. बांबू वर ओढायला कुणी उठलं नाही. “राहू दे,” मावशी म्हणाल्या.

मी खात्यातली आहे, मला कारण सांगता येतं. पंप पाण्याबरोबर तळातली बारीक वाळू ओढत होता. पंपाचा मिस्त्री अधूनमधून पाइपला तुकडा जोडून तो खाली सरकवत होता, तसा तळ खाली जात होता. भिंतीच्या पायाखालची वाळू निघाली, आत पोकळी झाली, आणि त्या पोकळीतून माझं ‘टप्’ परत येत होतं. सगळी विहीर अधांतरी उभी होती. विलासने उडी मारली असती तर पाण्याने काही झालं नसतं. त्या धक्क्याने भिंत बसली असती आणि तो खाली राहिला असता. माझा वरून मोजलेला आकडा बरोबर होता, मावशींचा खालून मोजलेलाही बरोबर होता. दोन्हींची एकदा बेरीज केली असती, कुठल्याही वर्षी, तर विहीर वाढतेय हे पाचवीतल्या मुलाला कळलं असतं. मी बेरीज केली नाही. मला त्यांच्या मापाला नावं ठेवायची घाई होती.

एवढं कळलं तरी दर मेमध्ये पाणी नेमकं छातीच्या खाचेला का, आणि अकरा वर्षांत तळ नेमका एक बांबू का खाली जावा, हे मला आजही सांगता येत नाही.

सहाव्या दिवशी, दुपारीच, विहीर आत बसली. कुणाला इजा झाली नाही, विलासने सगळीकडून दोऱ्या बांधून ठेवल्या होत्या. मी बघायला गेले तेव्हा अंगणातली पांढरी वाळू घसरून त्या खड्ड्यात गेली होती आणि ओट्याची बुजलेली पायरी पुन्हा दिसत होती. पुन्हा तीन. बांबू कुठेच नव्हता.

खड्डा भरायला माणसं आणली. विलासने त्यांना विहिरीचा सरकारी कागद दिला होता, माझ्या जुन्या वहीवरचा, खोली सहा तीस. शेवटचा डंपर रिकामा करून ड्रायव्हर पाणी प्यायला ओट्याशी आला आणि म्हणाला, “दीडपट माती गेली.”

उभ्या जन्मात पहिल्यांदाच मी जाणूनबुजून ‘कशाच्या?’ विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

मावशींनी विचारलं. “कोनाच्या मापाच्या दीडपट?”

“ह्या मॅडमच्या. कागदावर आहे ना.”

सहा तीसची दीडपट म्हणजे नऊ पंचेचाळीस. मी न करायचं ठरवूनही हिशेब झालाच. त्यातले आठ चाळीस तर मी स्वतः मोजले होते. उरलेलं एक मीटर पाच. बाजूच्या पोकळीत माती गेली असणार, सरळ आहे. ड्रायव्हरचं ‘दीडपट’ तरी कुठे तंतोतंत असणार! पण मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांच्याशी मला खोटं बोलायचं नव्हतं.

“अर्धा पुरुष जास्त गेली,” मी म्हटलं.

“कंबरेएवढी.” त्यांनी मान हलवली. “म्हंजे अजून चाललेत.”

त्या दिवशीच त्या चंदनसारला गेल्या. एक ट्रंक आणि चाफ्याचं एक रोप. गाडीत बसताना त्यांनी विलासला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि माझा हात हातात घेतला. “बाय, आता नको मोजू हितं. आपन मोजतो ना, म्हनून ते खाली जातात.”

निवृत्तीच्या दिवशी मी टेप कार्यालयात जमा केला. कारकुनाने लांबीच्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. मी त्याला ते खोडायला लावलं आणि सगळ्यांच्या टेबलांमधून टेप उलगडत शेवटपर्यंत मोजून दाखवला. लोक हसत होते. बाईंचं शेवटचं ‘कशाच्या?’ म्हणून कुणीतरी व्हिडिओही काढला. त्यात मी खाली बघताना दिसते. मला विलासचे दोन पाय दिसत होते, शेवटच्या कडीवर टेकलेले, आणि वरून त्याची आई त्याला सांगत होती, छातीएवढंच पानी हाय, मार उडी.